पावती घेणार असाल तरच

"पावती घेणार असाल तरच डबी उघडतो."

समोरच्या माणसाचा हात पुढे आलेला असायचा, डोळ्याला भिंग लागलेलं असायचं, आणि काका नाण्याच्या डबीवर तळवा ठेवून हे वाक्य म्हणायचे. मराठी न कळणाऱ्यासाठी लगेच हिंदीत म्हणायचे, "रसीद लेंगे तो ही खोलूँगा." हात मागे जायचा. भिंग खिशात जायचं. काका डबी पिशवीत ठेवून पुढच्या टेबलाकडे निघायचे, तेच वाक्य म्हणायला.

तुम्ही नाणी जमवणारी माणसं जवळून पाहिली आहेत का? नसतील तर एकदा पाहाच. दिल्लीत, मयूर विहारात, आमच्या सोसायटीपासून जवळ एका हॉलच्या मागच्या खोलीत ती रविवारी सकाळी जमतात. तिथे कुणी कुणाला नाणं विकत नाही. नाणं फक्त 'निघतं'. "बेचा नहीं जी, एक पीस निकाला है." विकलं म्हटलं की नफा आला, नफा म्हटला की कर आला. निघालं म्हटलं की नुसती एक जागा रिकामी झाली, त्यात सरकारला काय सांगायचं?

मी व्यवसायाने सीए. काकांनी एकदा मला तिथे नेलं, लोकांच्या शंका फेडायला म्हणून. शंका कुणालाच नव्हती. मग मला राहवेना. मी खुर्चीवरून उठले आणि नाटकातल्या सरकारी वकिलासारखा पदर सावरून विचारलं, "तो भाईसाहब, रिटर्न में मुनाफ़ा कौन-कौन दिखाता है?"

खोलीतली सगळी भिंगं एकदम डोळ्यांना लागली. एका गृहस्थांनी तर गडबडीत समोरचं खारं बिस्कीट तपासायला घेतलं. एकच हात वर झाला, तो आमच्या काकांचा. आणि गंमत अशी की काकांनी तोपर्यंत एकही नाणं विकलेलं नव्हतं. पावती घ्यायला कुणी तयार होत नव्हतं ना.

काका माझ्या नात्याचे नव्हेत, शेजारचे; एका मंत्रालयाच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आले. कुठलंही नाणं ते कडेला दोन बोटांनी धरायचे, नाण्याच्या छापाला बोट लागू द्यायचे नाहीत. भाजीवाल्याला दहाचं नाणंही तसंच द्यायचे. भाजीवालाही पुढे पुढे ते तसंच चिमटीत घ्यायला लागला. कोथिंबिरीचा व्यवहार चालला आहे की राज्याभिषेकाची तयारी, बघणाऱ्याला कळायचं नाही.

हे सगळं मला फार आवडायचं. आवडणं संपलं ते लिफ्टपाशी.

आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. काकूंचे गुडघे गेले आणि काकू तिसऱ्या मजल्यावर अडकल्या. त्यांचं घर उत्तरेकडचं, हिवाळाभर उन्हाची तिरीप नाही. खाली बागेतल्या बाकावर बाकीच्या बायका उन्हात बसून मटार सोलायच्या, विणायच्या, सुनांचा समाचार घ्यायच्या. काकू वरच्या खिडकीतून शाल गुंडाळून त्यात भाग घ्यायच्या. "काय म्हणाली? ज़रा ज़ोर से बोलो ना," असं त्या वरून ओरडायच्या आणि ज्या सुनेबद्दल बोलणं चाललेलं असे तिलाही ते ऐकू जायचं.

शेवटी सोसायटीने लिफ्ट बसवायचं ठरवलं. ज्याचा वाटा जमा होईल त्याला लिफ्टचं कार्ड मिळणार होतं. काकांची पेन्शन महिन्याला पुरायची, पण एकरकमी वाटा देण्याइतकं शिल्लक नव्हतं. मुलीकडे मागायचं नाही, यावर दोघांचं एकमत. दुसऱ्या कशावर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

राहिली नाणी. त्यातलं एक खरोखरच मोलाचं होतं. चांदीचा रुपया, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि टांकसाळ मराठ्यांची. "आपल्यासारखाच," काका म्हणायचे, "पत्ता इथला, घडण तिकडची."

गिऱ्हाइकं येत होती. सोफ्यावर बसत होती, काकूंच्या हातची भजी खात होती आणि पावतीचं नाव निघालं की चपला शोधत होती. एकाने तर पैसे भरलेली पिशवीच टीपॉयवर ठेवली. काका म्हणाले, "बँकेतून द्या." तो म्हणाला, "साहब, शौक की चीज़ में बैंक को क्यों घसीटते हो?" आणि पिशवी घेऊन गेला. जाताना उरलेली भजीही घेऊन गेला.

"अहो, सगळं जग असंच देतं-घेतं ना?" काकू म्हणाल्या.

"सगळं जग खिडकीतून ओरडून गप्पा मारत नाही. तू मारतेस. प्रत्येकाची पद्धत असते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस? यांच्याबरोबर जन्म काढला मी."

अखेर गुरुग्रामचा एक डॉक्टर सापडला. बँकेतून पैसे द्यायला त्याची ना नव्हती, पावतीला मात्र तोही बिचकत होता, कारण ती बायकोच्या हाती लागली असती. मग हसून म्हणाला, "दे दीजिए रसीद, फाड़ना मेरा काम है."

"बिल्कुल," काका म्हणाले, "माझ्याकडे नक्कल असते."

पैसे आले. माझा जीव भांड्यात पडला आणि पडल्या पडल्या भांडंच उलटलं. काका फाइल घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलापाशी हजर. "आधी सरकारचा वाटा बाजूला काढू. मग लिफ्ट."

मी विचारलं, "ठीक. नाणं घेतलं कितीला?"

काका फाइलीची नाडी सोडायला-बांधायला लागले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं ते असं. लग्नानंतरचा दिल्लीतला पहिला हिवाळा. दर्यागंजच्या फुटपाथवर हा रुपया विकायला बसलेला माणूस थंडीने कुडकुडत होता. पैसे नकोत, अंगातला स्वेटर द्या, म्हणाला. काकांनी काढून दिला. घरी आले ते मुठीत रुपया आणि दातांवर दात वाजत. स्वेटर काकूंनी विणलेला होता.

"मग स्वेटरची काहीतरी किंमत लावू," मी म्हणाले.

"पावती नाही."

"मूल्यांकन करणाऱ्याकडून जुन्या काळची किंमत काढून घेऊ. कायद्याला चालतं."

"विचारलं मी. तो फी रोख मागतो. पावती देत नाही."

मी कपाळाला हात लावला. "काका, किंमतच कळत नसेल तर नफा मोजायचा कसा, असा वादही घालता येतो."

"वाद नको. खरेदी शून्य लिहा."

हे शून्य तिसऱ्या मजल्यावर पोचलं आणि तिथलं बोलणंच थांबलं. मी सही घ्यायला गेले तर काकू भिंतीकडे बघून म्हणाल्या, "यांना सांग, चहा ओट्यावर आहे." मग माझ्याकडे वळल्या. "नव्या घरात, परक्या गावात, डोळे फोडून विणला होता मी तो. मान आखडली होती. आणि शून्य?"

"अगं, पावती नाही ना," काका हळूच म्हणाले.

इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पण आकडा त्यांनी बदलू दिला नाही.

सगळी विक्रीच नफा ठरली, कर गेला, लिफ्टचा वाटा कमी पडला. तो भरायला त्याच डॉक्टरला दुसरं नाणं विकलं. त्याच्यावर कर. तो भरायला तिसरं. मी ओरडले, रुसले, एकदा तर फाइल घेऊन माझ्याच घरातून बाहेर पडले. काका शांतपणे डब्या उघडत राहिले आणि मोकळ्या डब्या एकावर एक रचत राहिले. शेवटी लिफ्टचं कार्ड आलं तेव्हा घरात डब्याच डब्या होत्या.

काकू खाली आल्या. बायकांनी बाकावर मधली जागा दिली. काकूंनी डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं आणि बराच वेळ, आश्चर्य म्हणजे, कुणाबद्दलही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकर आणवली.

काका स्वतः जिन्यानेच यायचे. कार्ड तिचं आहे म्हणायचे.

थंडी सरायच्या आत स्वेटर झाला. काकूंनी तो सगळ्यांसमोर बाकावरच काकांच्या हातात दिला. आत, मानेपाशी, सेफ्टी पिनने लोकरीच्या दुकानाचं बिल टाचलं होतं.

काकांनी चष्मा लावला. आधी बेरीज तपासली. मग म्हणाले, "मजुरी लावलेली नाहीस."

"ती तुम्हाला परवडायची नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी स्वेटर अंगात घातला. कडेला दोन बोटांनी धरून, जपून.

दोन हिवाळे त्यांनी तो वापरला. या हिवाळ्यात काकू लिफ्टने एकट्या खाली येतात. स्वेटर त्यांच्या अंगावर असतो, बाह्या दुमडलेल्या. परवा मी मुद्दाम मानेपाशी डोकावून पाहिलं. पिन तशीच आहे. बिल मशीनवरचं होतं, त्यावरची शाई पार उडाली आहे. कोरा कागद.

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे नक्कल असेल."