मधल्या दारात तुटणारा फोन

आमच्या घरात इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत हे कळलं की लोक एकच समजतात, सासू-सुनेनं चुली वेगळ्या केल्या. दुसरी तार खांबावरून मागच्या खोलीत ओढली जात होती, तेव्हा समोरच्या भाभीजींनी गच्चीवरून विचारलंच, "बँटवारा हो गया क्या?" मी म्हटलं, हो, पण फक्त नेटचा. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

झालं होतं एवढंच की पुढच्या खोलीतली जुनी लाइन माझ्या सासऱ्यांची. टेलिफोनच्या तारेतूनच येणारं नेट, कधी बरं चालणारं, कधी एक पान उघडेपर्यंत चहा उकळून होईल असं. मी लग्न होऊन साताऱ्याहून झाशीला आले आणि आता पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरून करते. मीटिंगमध्ये माझं तोंड अर्धवट उघडं राहून चित्र थिजलं की माझं डोकंच फिरायचं. बाबांना म्हटलं, काढून टाका हे प्रकरण. बाबा म्हणाले, नंबर जाईल. ग्वाल्हेरपासून इंदूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना तो टेलिफोन नंबर तोंडपाठ, आता तो सोडायचा म्हणजे त्यांना गाव सोडल्यासारखं. मग मी वाद घालणं सोडलं आणि मागे माझी वेगळी फायबरची लाइन घेतली.

झाशीच्या नगरा वस्तीतलं आमचं घर अरुंद आणि लांबच लांब. पुढे बैठक, मग मधलं दार, दारापलीकडे स्वयंपाकघर, देवघर आणि माझी कामाची खोली. दाराच्या अलीकडे बाबांचं नेट, पलीकडे माझं. मोबाइलचं नेटवर्क घरात येतच नाही, त्यासाठी गच्ची गाठावी लागते. आणि बोलता बोलता मधलं दार ओलांडलं की फोन हमखास दगा देतो. त्याला पुढचं नेट सोडवत नाही, मागचं धरवत नाही, गोल गोल फिरतो आणि तुटतो. बाबा आणि मी त्या दाराशी आलो की बोलणं आवरतं घ्यायचो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे ठाऊक नव्हतं, कारण त्या फोन घेऊन घरभर हिंडणाऱ्यातल्या नव्हेत. त्या रोज दुपारी बैठकीत तक्क्याला टेकून आपल्या धाकट्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायच्या.

ही धाकटी बहीण म्हणजे आमच्या मावशी, ग्वाल्हेरला असतात. त्या दोघी झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. एकमेकींना जिज्जी आणि छोटी म्हणतात, मराठीत सुरू करतात, भांडायला हिंदीत जातात आणि रडायला परत मराठीत येतात. माझ्या माहेरी गौरी म्हणतात, इथे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणीच. आमच्याकडे ज्येष्ठेचा मुखवटा आई आणतात आणि कनिष्ठेचा मावशी. दरवर्षी त्या आदल्या दिवशीच येऊन दाखल व्हायच्या, येताना तीळगुळाची गजक आणायच्या आणि माझ्या पुरणाला नाव ठेवायच्या.

गेल्या हिवाळ्यात मावशींचे यजमान, आमचे काका, गेले. महालक्ष्म्या जवळ आल्या तशा मावशी म्हणाल्या, यंदा मी येत नाही. पहिलं वर्ष आहे, चार सवाष्णी जमतात, कशाला कुणाला बोलायला जागा ठेवा. आई भडकल्या. कोण बोलतं ते मी बघते म्हणाल्या, पण मावशी बधल्या नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की कनिष्ठेचा मुखवटा मी धरायचा आणि मावशींनी फोनवरून प्रश्न विचारायचे.

प्रश्न म्हणजे, मुखवटे दारातून आत आणताना आमच्याकडे सवाल-जवाब चालतो. धाकटीनं विचारायचं, कोण आलं, काय घेऊन आलं. थोरलीनं सांगायचं, महालक्ष्मी आली, धनधान्य घेऊन आली. पावलापावलाला हे चालतं. मधल्या दाराशी कनिष्ठेचा शेवटचा प्रश्न असतो, आत येऊ का? आणि थोरलीनं म्हणायचं, ये, तुझंच घर आहे. मग उंबरा ओलांडायचा. ही रीत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही, पण या घरात ती चुकलेली कुणाला आठवत नाही.

तर त्या दिवशी आई पुढे, मागे मी, आणि आमच्या समोर बाबा, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात फोन, उलटे चालताहेत. फोनमध्ये मावशी. पांढऱ्या साडीत नव्हत्या त्या, चांगली मोरपंखी नेसून बसल्या होत्या खोलीत एकट्या. बैठकभर छान चाललं. मधल्या दाराशी आलो. मावशींचा आवाज जरा कापला, पण त्यांनी विचारलं, "जिज्जी, आत येऊ का?"

उलटं चालण्याच्या नादात बाबांचं पाऊल दारापलीकडे पडलेलं होतं. फोन गोल गोल फिरला आणि तुटला.

बाबा म्हणाले, नेट गेलं. पण घंटेच्या आवाजात ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. आईंनी पाहिलं ते एवढंच की छोटीचा गळा दाटला आणि फोन बंद झाला. त्यांना वाटलं, तिला सहन झालं नाही, तिनंच ठेवला. रडू दे तिला, मन हलकं झालं की लावेल, असं म्हणून त्यांनी उंबरा ओलांडला. या दोघी बहिणींचा जुना कायदा आहे, जिनं फोन ठेवला तिनंच परत लावायचा. त्यामुळे आई थांबून राहिल्या. आणि मी पडले आरतीच्या, नैवेद्याच्या धबडग्यात. मला वाटलं, नेट गेलं हे सगळ्यांना कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगती उठल्यावर ग्वाल्हेरहून मावशींच्या सुनेचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, भाभी, काल तुमच्याकडे काय झालं? मम्मीजींनी कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. एवढंच म्हणतात, मी आत येऊ का विचारलं आणि जिज्जीनं फोन कापला.

म्हणजे त्या बाईनं असं धरलं होतं की उंबऱ्याशी आल्यावर आपल्या सख्ख्या बहिणीला आपलं रिकामं कपाळ दिसलं. अहो, ज्या जिज्जीनं त्यांच्यासाठी अख्ख्या नात्यागोत्याशी भांडण काढलं असतं, तिच्याबद्दल! मला नेटचा राग आला, बाबांच्या नंबरचा आला, माझ्या फायबरचाही आला. तशीच गेले आणि आईंना सगळं सांगितलं.

आईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, लाव फोन. मी लावला, व्हिडिओ लावला, गच्चीवर जाऊन साधा लावला. मावशी उचलेनात. त्यांच्या सुनेला सांगितलं की बाई गं, नेट गेलं होतं, आमच्या घरात दोन नेट आहेत. तिनं जाऊन सांगितलं. उत्तर आलं, जिज्जीला म्हणावं, निदान बहाणा तरी चांगला शोध. त्या संध्याकाळी आई हळदीकुंकवाला उभ्या होत्या, सगळ्यांशी हसत होत्या, आणि कनिष्ठेकडे मात्र त्यांच्यानं बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप द्यायचा. सकाळी आई आंघोळ करून बैठकीत आल्या आणि बाबांच्या जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्या टेलिफोनवरून आता आम्ही फक्त कुणी गेलं तरच फोन करतो, म्हाताऱ्या नातेवाइकांना खरं वाटावं म्हणून. तो नंबर दिसला की समोरचा माणूस धसकूनच उचलतो. मावशींनीही उचलला.

आईंनी नेटचं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "ये. तुझंच घर आहे."

पलीकडे काय झालं कुणास ठाऊक. आईंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, दहीभात जरा जास्त कर.

दुपारच्या गाडीनं मावशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत गजक. बैठकीपर्यंत आल्या आणि मधल्या दाराशी अडल्या. आईंनी हात धरला तरी पुढे पाऊल टाकेनात. तेव्हा बाबा उठले. माझे सासरे मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी मावशींचा फोन आपल्या नेटला जोडला, बैठकीतून त्यावर व्हिडिओ लावला, त्यांना उचलायला लावला आणि स्वतः चालत मधलं दार ओलांडलं. मावशींच्या हातातलं चित्र थिजलं, गोल गोल फिरलं, तुटलं.

मावशींनी फोन हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "जीजाजी, फिर से दिखाइए."

बाबांनी परत दाखवलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी फोन तिथेच मान टाकत होता आणि प्रत्येक वेळी मावशींचा चेहरा थोडा सैल होत होता. शेवटी त्या त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या, आणि आई शेजारी बसून त्यांना हिंदीत शिव्या देत होत्या. संध्याकाळी कनिष्ठेला मावशींनीच हातात घेतलं आणि दारापर्यंत पोचवलं. जमलेल्या बायकांत एकदोघींच्या भुवया चढल्या, पण आईंचा अवतार बघून लगेच खाली उतरल्या.

आमचे हे तेव्हापासून म्हणताहेत की यात अवघड काही नाही. मधल्या दाराशी एक छोटा डबा बसवला, दोन्ही नेटांना एकच नाव दिलं की घरभर फोन सलग चालेल. परवा तर कामावरून, बिजौलीच्या कारखान्यातून, येताना तो डबा घेऊनच आले. मला आनंद झाला, कारण मीटिंगमध्ये बेल वाजली तरी पुढचं दार उघडायला जाता येत नाही म्हणून मी कावलेलीच असते.

आईंनी तो डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत पिशवीत ठेवला.

"नको बसवूस रे," त्या म्हणाल्या. "नीट झालं तर पुढच्या वर्षीही ती फोनवरच येईल."

डबा माझ्या कपाटात पडून आहे. मी अजून मधल्या दाराशी बोलणं आवरतं घेते.