हेल्मेट घातलेले वकीलकाका

शेजारचे वकीलकाका चहात साखर जास्त पडली तरी आधी हेतू विचारतात. परवा मी गच्चीवरून बांबूला कोयता बांधून नारळ पाडला आणि "खाली कोण आहे?" ही हाळी नारळ सुटल्यावर घातली. माडाखाली बसलेल्या काकांच्या खुर्चीचा हात मोडला.

"मारायचं होतं काय रे मला?"

"छे हो काका!"

"मी रोज इथंच बसतो, ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मेलो असतो तर खून नाही, सदोष मनुष्यवध. हेतू नाही, नुसती जाणीव."

मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी काका हेल्मेट घालून तिथंच बसले.

"आज पडला तर हेतूच धरणार. हेल्मेट तुझ्यासाठी घातलंय हो. मी वाचलो, तर खुनाच्या प्रयत्नावर भागेल तुझं."