आप्पांच्या मेंदूची दोन चित्रं

माझे वडील गुळव्या होते. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उकळता उसाचा रस नेमका कधी उतरवायचा हे ठरवतो तो गुळव्या. बोटं गार पाण्यात बुडवून आप्पा रसाचा थेंब उचलायचे, तांब्यातल्या पाण्यात त्याची गोळी करायचे आणि ती काहिलीच्या काठावर आपटायचे. टण्ण वाजली की ओरडायचे, "उतरा!" जरा उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर चिकट राहतो. कागलच्या बाजूला आप्पांची तारीख मिळाल्याशिवाय कुणी गुऱ्हाळ सुरू करत नसे.

मग एका हंगामात त्यांच्या तीन काहिली करपल्या. तिसऱ्या वेळी मी तिथंच होते. शाळेतले माझे तास संपवून त्यांचा डबा घेऊन गेले होते. आप्पा गोळी हातात धरून नुसते उभे. ही आपल्या हातात कशाला आली, असं तिच्याकडं बघत होते आणि समोर रस काळा पडत होता. नजर लागली म्हणून लोकांनी काहिलीवरून लिंबू उतरवलं. मी पडले विज्ञानाची बाई, मला त्या लिंबाचा राग आला आणि आप्पांचाही. "लक्ष कुठं असतंय तुमचं?" सगळ्यांदेखत खेकसले मी. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी येताना आप्पा म्हणाले, "वय झालंय का डोकं बिघडलंय, एवढं कळू दे मला. बिघडलं असंल तर मी हून बाजूला हुतो. कुणी दंडाला धरून उठवायला नको."

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. मेंदूचा एक कोपरा जरा आकसलेला दिसला, पण तेवढं वयानंही होतं म्हणाले. खात्रीसाठी पेट स्कॅनला मुंबईला पाठवलं. आमच्याकडं तेव्हा ती सोय नव्हती.

रिकाम्या पोटी जायचं होतं. मी दहादा बजावलं होतं. तिथल्या नर्सनं विचारलं, "आजोबा, काही खाल्लं नाही ना?"

"न्हाय की. जरा गूळपाणी तेवढं."

झालं! गूळपाणी घेतल्याशिवाय आप्पांनी जन्मात उंबरा ओलांडला नव्हता, आणि त्यांच्या लेखी ते खाणंच नव्हतं. पिशवीत कागदात बांधलेला खडा होताच. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. मी कपाळावर हात मारला. "अहो, साखरच टोचणार आहेत तुम्हाला!"

"डोक्याला साखर?" आप्पा जागीच थांबले.

मग नर्सनं समजावलं. मेंदू साखरेवर चालतो. टोचलेल्या साखरेला किरणांची खूण केलेली असते, त्यामुळं कुठला भाग किती साखर खातो ते यंत्राला दिसतं. आप्पांचे डोळे हे एवढे झाले. "आयला! म्हंजी आतबी गोडाचंच काम हाय की!"

आठवड्यानं कोल्हापुरात डॉक्टरांनी दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवली. करडं चित्र घडणीचं, रंगीत चित्र भुकेचं. लाल-पिवळं जिथं मेंदू साखर खात होता, निळं जिथं खाणं कमी झालं होतं. आकसलेल्या कोपऱ्यावर निळा डाग नेमका बसला. पण निळं तेवढ्यावर थांबलं नव्हतं. मागं, बाजूला, जिथं करड्या चित्रात सगळं धडधाकट होतं, तिथंही ते पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "इथं अजून काही मोडलेलं नाही. पण भूक गेलीय. ही अल्झायमर्सची सुरुवात दिसतेय."

आप्पा शेजारी खुर्चीत जिवंत बसलेले आणि त्यांच्या डोक्यात पुढं काय होणार ते समोर काचेवर! वर्षानुवर्षं मी फळ्यावर गुलाबी खडूनं मेंदू काढत आले होते. त्या दिवशी वाटलं, आपल्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. नकळत हात जोडले गेले.

आप्पा मात्र पुढं सरकले, काचेवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात माझा गूळ कुठं हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. "ते अजून यंत्राला दिसत नाही, काका."

"किती हंगाम हाईत?"

"नेमकं सांगता येणार नाही. पण लवकर कळलंय."

पुढच्या हंगामात आप्पा हून काहिलीपासून उठले आणि मला तिथं बसवलं. हे काम बाईला कोण शिकवतो? जाणत्यांनी नाकं मुरडली. सख्ख्या भावालाही न सांगितलेलं आप्पांनी मला सांगितलं: फेस कसा बसतो, वास कधी पालटतो, दीड वर्षाच्या आडसाली उसाचा रस कसा फसवतो. काल सांगितलेलं आज पुन्हा सांगायचे. मी पुन्हा ऐकायचे. बोटं भाजली, चार काहिली माझ्याही वाया गेल्या. दोन हंगाम असे मिळाले आम्हाला.

तिसऱ्या हंगामात ते बाकावर बसून असायचे. एका दुपारी मी काहील उतरवली, रस वाफ्याच्या पसरट हौदात ओतला. गूळ निवत असताना आप्पा उठून आले. कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"बाई," ते मला म्हणाले, "कुणी शिकवलं हे तुमाला?"

"आमच्या वडलांनी."

"लई जाणता गुळव्या असणार त्यो."

"व्हय," मी म्हटलं, "लई जाणता."