सोयाबीनचे शंभर दाणे

लातुरात मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सजीव कशाला म्हणायचं, हे फळ्यावर एका दमात लिहून देते: वाढतो, अन्न वापरतो, श्वास घेतो. तोंडपाठ! तरी त्या वर्षी किल्लारीजवळच्या आमच्या घरी माझी अशी फजिती झाली की विचारू नका.

पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरचंच सोयाबीन बियाण्याला राखलं होतं. सोयाबीनचं साल नाजूक, धक्क्यानं बी निकामी होतं, म्हणून वर्षभर एकही पोतं कुणाला आपटू दिलं नव्हतं. पाहुणे पोत्यावर टेकले तर त्यांनाही उठवलं होतं. आता शंभर दाणे ओले करून बघायचे. सत्तर उगवले तर पेरायचं, नाहीतर सगळी पोती तेलाच्या गिरणीला.

मी म्हटलं, "अप्पा, ते माझ्यावर सोडा. मी हेच शिकवते."

शंभर दाणे मोजले, रात्रभर पातेल्यात भिजवले, फडक्यात घट्ट बांधले. चार दिवसांनी सोडलं तर बुळबुळीत लगदा आणि नाक धरावं असा वास. मोड एकतीस. "बी मेलंय," मी जाहीर करून टाकलं. अप्पा ओसरीवर खाली बसले. मला रडूच आलं, पण मास्तरकीचा तोरा काही सुटेना.

आईनं विचारलं, "कशात भिजवलंस?"

"पातेल्यात. रात्रभर."

"अगं माय! ही काय उसळीची मटकी हाय? वावरात पाणी साचलं की सोयाबीन सडतंय. जीव हाय त्यात! दम कोंडून मारलंस की!"

श्वास घेतो. दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. मी कपाळावर हात मारून घेतला आणि आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

अप्पा मात्र ताडकन उठले. "आता मी दावतो." गोणपाट ओलं करून पिळलं, पसरलं आणि दाणे निवडायला बसले. एकेक दाणा उजेडात धरून बघायचे, टपोरा असेल तरच ठेवायचे. मुलगी बघायला गेल्यासारखं चाललं होतं.

"अप्पा, ही लबाडी झाली! वावरात काय एवढेच शंभर पेरणार आहात? प्रत्येक पोत्यातून घ्या. वरून, मधून, तळातून. तेही डोळे झाकून."

"अन् किडकं हाताला लागलं तर?"

"लागू द्या. तेही आपलंच आहे."

"माझ्या बियाला नापास करायलाच बसलीस व्हय गं तू?"

चांगलीच जुंपली आमची. शेवटी आई म्हणाली, "खरं काय ते पेरायच्या आधी कळलेलं बरं. झाका डोळे." अप्पांनी डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घातला. तो हात बाहेर यायला लई वेळ लागला.

दहा-दहाच्या ओळी मांडल्या, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाण्याचा हबका. अप्पा दिवसातून दहा वेळा तिथं घुटमळायचे आणि मी दहा वेळा हाकलायची.

पाचव्या दिवशी सकाळी गुंडाळी सोडली. मोजायला अप्पाच बसले. धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्याला एक म्हणत नाहीत. "लाभ, दोन, तीन..." पन्नासपर्यंत आवाज खणखणीत. साठाच्या पुढं बारीक झाला. मी आईचा हात घट्ट धरला. एकोणसत्तर. सत्तर. अप्पा थांबलेच नाहीत. एक्काहत्तर, बहात्तर... त्र्याऐंशी!

त्यांनी एक मोडाचा दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. डोळे पाण्यानं भरलेले आणि तोंडभर हसू.

"काय म्हणालतीस त्या दिवशी? बी मेलंय?"

"चुकलं, अप्पा."

"तसं न्हाई. आता खरं काय ते सांग. मोठ्यानं सांग, पोत्यांना ऐकू जाऊ दे."

मी घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "जित्तं हाय!"