उजव्या कोपऱ्याचं सारवण

हॉकीची काठी उजव्या हाताचीच असते. तिची एकच बाजू सपाट, आणि डावखुऱ्याने ती धरली की बॉल गोल बाजूला लागून भलतीकडेच जातो. मी डावखुरा. आमच्याकडे डेबऱ्या म्हणतात, आणि अर्ध्या गोंदियाने मला जन्मभर त्याच नावाने हाक मारली. त्यामुळे मी हॉकी खेळलो नाही, बघितली. बघितली म्हणजे घसा बसेपर्यंत बघितली! माझा मोठा भाऊ आमच्या टीमचा राइट-आऊट होता. उजव्या कडेने पळत जायचं आणि पार कोपऱ्यातून बॉल गोलसमोर टाकायचा, हे त्याचं काम. बारा वर्षं त्याने ते केलं, तेही अनवाणी. तो आत पळाला की मी बाहेरून पळायचो, लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात.

ही दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघे भाऊ एकाच धानगिरणीत कामाला होतो, आणि गिरणीचे शेटजी हेच टीमचे मालक. दर हिवाळ्यात आमची शेवटची मॅच स्टेशनवाल्यांच्या टीमशी व्हायची आणि दर हिवाळ्यात आम्ही ती हरायचो. भाऊ छत्तिशीला आला होता. त्या वर्षी धान कापणीच्या वेळी तो मला म्हणाला होता, "यंदा एकडाव त्याहिले हरवतो, आन् मंग काठी ठेवून देतो." तो असलं काही बोलणारा माणूस नव्हता, म्हणून ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि मॅचला आठ दिवस राहिले असताना शेटजींनी गिरणीच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इस बार राइट-आउट नागपूर का लडका खेलेगा. कॉलेज का है. बहुत तेज है."

मग काय विचारता! संध्याकाळी चहाच्या टपरीवर नुसता कल्ला. कोणी म्हणे तो वाऱ्यासारखा पळते, कोणी म्हणे रोज चार अंडी खाते. "बूट घालून खेळते म्हणे!" "अबे, बूट घालून तं माहा आजाही खेळन." "पण स्टेशनवाल्याहिले हरवाचं हाय का नाही? आनू द्या ना पोट्टा." टपरीचे सरळ दोन तुकडे पडले. काल भावाच्या नावाने आनंदाने टोप्या हवेत फेकणारे लोक आज कॉलेजच्या पोराची वाट बघत होते, तेही त्याचं तोंड बघितलेलं नसताना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकाची गचांडी धरली, आणि लोकांनी मला ओढून बाजूला केलं.

घरी भाऊ ओसरीत बसून काठीच्या मुठीला नवी चिंधी गुंडाळत होता. दरवर्षी मॅचच्या आधी गुंडाळायचा. बातमी त्याला माझ्या आधीच कळली होती.

"तू काऊन काही बोलून नाही राहिला?" मी विचारलं.

"काय बोलू? शेटजीची टीम हाय."

त्याने चिंधी पुरती गुंडाळली, गाठ मारली, आणि काठी कोपऱ्यात उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सरावाला गेला तेव्हा ती तशीच राहिली. गेला, कडेला बसून बघत राहिला, परत आला. मला वाटलं, याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

आता आमच्या मैदानाची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे गवताचं मैदान नव्हतं. आम्ही धानाचं खळं करतो ना, तसंच मैदान करायचो. माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची आणि वरून शेणाचा काला हाताने सारवायचा. वाळलं की असं गुळगुळीत की बॉल सरसरत जायचा. हे काम टीमच्या चाहत्यांचं. दोन दिवस आधी तीस-चाळीस माणसं बादल्या घेऊन बसायची आणि जो तो आपापला तुकडा सारवायचा. स्टेशनच्या बाजूचा उजवा कोपरा माझा. भाऊ तिथून बॉल टाकायचा, म्हणून मी तो कोणाला देत नव्हतो.

त्या वर्षी मी तो कोपरा चोपला नाही.

उलट कुदळीने वीतभर उकरला, माती भुसभुशीत सोडली आणि वरून शेणाचा पातळ काला फिरवला. वाळल्यावर तो इतर मैदानासारखाच दिसला. कॉलेजचे बूट तिथे रुततील, बॉल थबकेल, पोराची फजिती होईल, टपरीवाले हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाच हातांच्या अंतरावर चार माणसं सारवत होती, पण कोणाचं लक्ष गेलं नाही. मी हात धुतले आणि घरी येऊन पोटभर जेवलो. लाज वगैरे काही वाटली नाही, खोटं कशाला सांगू?

पोरगा मॅचच्या आदल्या दिवशी आला. एकोणीस-वीस वर्षांचा, काटकुळा, कानावर पेन्सिल अडकवलेला. गाडीत बसून अभ्यास करत आला होता म्हणे. सारवण मोडू नये म्हणून सराव शेजारच्या माळावर होता, आणि भाऊ तिथे कडेला बसला होता. पोरगा त्याच्याकडे गेला, काहीतरी बोलला, आणि भाऊ उठून कोणाची तरी काठी घेऊन खेळायला लागला. दोघे तासभर बॉल एकमेकांना देत होते. मी गिरणीत होतो, हे सगळं मला नंतर कळलं.

मॅचच्या दिवशी टीम मैदानात आली. पोरगा आतल्या जागेवर उभा होता. उजव्या कडेला भाऊ, अनवाणी, हातात नव्या चिंधीची काठी.

शेजारचा म्हणाला, "पोट्ट्यानं शेटजीले सांगतलं म्हणे. मी आत खेळतो, कडेले दादाच पाहिजेत. नाही तं मी खेळतच नाही."

दादाच पाहिजेत! ज्याला पाडायला मी खड्डा करून ठेवला, त्यानेच माझ्या भावाला हाताला धरून तिथे आणून उभं केलं होतं.

पहिल्या अर्ध्या खेळात आमचा हल्ला तळ्याच्या बाजूच्या गोलवर होता. माझा कोपरा मागे, दुसऱ्या टोकाला राहिला. बॉल दोन-चारदा तिकडे गेला, पण पार कोपऱ्यात कोणी गेलं नाही. भाऊ असा खेळत होता की टपरीवाले सगळे भांडण विसरले. भावाने कडेने बॉल टाकला, पोराने गोल मारला. लोक नाचले. स्टेशनवाल्यांनी फेडला. एक-एक.

मधल्या सुट्टीनंतर बाजू बदलणार होती. म्हणजे भाऊ आता सरळ माझ्या कोपऱ्याकडे पळणार. सांगायला तेवढीच पाच मिनिटं होती. मी संत्र्यांची टोपली उचलली आणि आत पळालो. भाऊ जमिनीवर बसला होता, घामाने निथळत, आणि हसत होता. बारा वर्षांत मी त्याला मैदानात हसताना बघितलं नव्हतं.

"पोट्टा लय चांगला हाय रे," तो म्हणाला. "मी न पाहताच बॉल देतो, तो तेथीच रायते. यंदा हरवतो आमी."

"भाऊ, कोपऱ्यात..."

"काय कोपऱ्यात?"

शेटजी बाजूला उभे होते. टीमची माणसं संत्री सोलत होती. सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, आणि पोरगा माझ्याकडेच बघत होता. मी टोपलीतलं एक संत्रं भावाच्या हातात दिलं.

"कोपऱ्यात ऊन लागते," मी म्हणालो. "डोयात जाईन."

"जाऊ दे ना," भाऊ म्हणाला आणि संत्र्याची फोड तोंडात टाकून उठला.

मी परत कडेला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी ओरडलो नाही. प्रत्येक वेळी बॉल उजवीकडे गेला की मी मनात म्हणायचो, आतूनच मार, भाऊ, आतूनच मार. दोनदा त्याने आतून मारलाही. तोवर स्टेशनवाल्यांचा दुसरा गोल झाला. थोडीच मिनिटं राहिली. पोराने दोघांना चकवून बॉल लांब कडेला सोडला, थेट कोपऱ्याकडे, आणि भाऊ त्याच्या मागे सुटला. सगळं गाव ओरडत होतं. मीही ओरडलो, "भाऊ, थांब!" कोणाला ऐकू जाणार!

त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिला. बॉल हळूच रेषेबाहेर गेला.

मी पोचलो तेव्हा पोरगा आधीच तिथे गुडघ्यावर बसला होता. "जमीन खचली का इथं, दादा? हे असं पोकळ कसं?" तो हाताने माती चाचपत होता. कडेचे लोक बोंबलायला लागले होते. "म्हातारा कायले खेळवला बे!" "पोट्ट्याले कडेनं ठेवलं असतं तं जिंकलो असतो!" काल पोराला शिव्या देणारे तेच, आणि आज भावाला देणारेही तेच.

भाऊ पाय धरून बसला होता. तो पोराकडे बघत नव्हता. जिथे पोपडा फुटला होता तिथल्या कडेच्या सारवणाकडे बघत होता. उजव्या हाताने सारवणाऱ्याच्या बोटांचे फराटे एकीकडे वळतात, डावखुऱ्याचे उलटीकडे. मैदानभर फराटे एका बाजूला वळलेले होते आणि त्या कोपऱ्यात दुसऱ्या बाजूला. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे एकदाच बघितलं.

"जमिनीले काही नाही झालं," तो पोराला म्हणाला. "माहाच पाय मुडपला. वय झालं ना बाबू." आणि बोलता बोलता त्याने तळहाताने ते फराटे घासून पुसून टाकले, सगळे, पार रेषेपर्यंत.

पाय नीट बसला नाही. हाडवैद्याने दोनदा बांधला, तरी भाऊ पुढे कायम लंगडला. गावाने वर्षभर त्याला ऐकवलं की तुझ्यामुळे हरलो, आणि तो ऐकून घेत राहिला. मला तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, आणि त्याच्या तिरडीला खांदा देईपर्यंत बोललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात पोरगा पुन्हा यायचा होता, उजव्या कडेने खेळायला. सारवणाच्या दिवशी मी घरातून निघालोच नाही. दुपारी भाऊ लंगडत आला, एका हातात शेणाची बादली, दुसऱ्या हातात चोपणं. चोपणं त्याने माझ्यासमोर ठेवलं.

"चाल," तो म्हणाला. "उजवा कोपरा बाकी हाय. तो पोट्टा तेथून पळन."