आजोबांचा पैरा

आजोबांना लकवा झाला तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं, पण आवाज शाबूत राहिला. हेच आमच्या घराचं दुर्दैव. ते पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार. खाटेवरून "जल्दी करो!" असा हुकूम सुटला की आई भाकरी तव्यावर तशीच टाकून पळायची. वडील मुंबईला गोदीत कामाला, त्यामुळे आजोबांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं आईच्याच गळ्यात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की आजोबा तोंड मिटून घ्यायचे. ते खाटेला खिळल्यापासून आई एकदाही माहेरी गेली नव्हती.

आमचं गाव माण तालुक्यातलं, तिचं माहेर औंधजवळ. त्या उन्हाळ्यात तिच्या एकुलत्या भावाचं लग्न निघालं. "जमायचं न्हाई," असा निरोप तिनं धाडला आणि चुलीपाशी बसून रडली. विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. चूल विझलेली होती. मला आजोबांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या चहात साखरच घातली नाही.

आई लग्नाला जात नाही ही गोष्ट शेजारच्या म्हातारीच्या कानावर गेली. सगळी आळी तिला काकी म्हणायची आणि आवाजात ती आजोबांना भारी होती. ती तडक आमच्या घरात आली. "आगं पोरी, पैरा करू की!"

पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या, मजुरीचं नाव नाही. तणाची भांगलण, पिकाची काढणी सगळं आमच्याकडे पैऱ्यावर चालायचं. पण जितंजागतं माणूस पैऱ्यावर घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आवं काकी, पन फेडू कवा मी?" आई म्हणाली. "मला घरातनं हलाय येतंय व्हय?"

"आदी लगीन तर बगून यी. फेडायचं मागनं बगू."

शेवटी आई सकाळच्या एसटीत बसली. कंडक्टरनं घंटी मारली तरी खिडकीतून तिच्या सूचना चालूच होत्या.

एसटीची धूळ खाली बसते न बसते तोच बायका आल्या, आणि त्या पैऱ्याला येतात तशाच आल्या. आळीतल्या सासवा झालेल्या, कुणालाच न लाजणाऱ्या सगळ्या, एकदम, फडक्यात भाकरी बांधून. एकीनं तर सवयीनं खुरपंही आणलं होतं. त्यांनी खाटेच्या कडेनं ओळ धरली आणि आजोबांना भांगलायला घेतलं. डोक्याकडच्या तेल चोळत होत्या, मधल्या अंग पुसत होत्या, पायाकडची नखं कापत होती. आजोबा "हॉल्ट!" म्हणून ओरडले, पण ओळीत पलटणीतलं कुणीच नव्हतं. मग त्यांनी तोंड मिटून घेतलं. काकीनं हातात घास धरून शांतपणे विचारलं, "कंच्या लढाईत असं रुसून बसला हुता, हवालदार?" उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि घास आत गेला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

ऊन डोक्यावर यायच्या आत काम उरकलं. आजोबा लख्ख, पोट टम्म, वाकळा धुऊन वाळत घातलेल्या. रान झालं की पैरा संपतो. बायकांनी पदर झटकले आणि निघाल्या.

"चला, झालं," काकी म्हणाली.

"झालं?" आजोबा म्हणाले. "आन् सांच्याला कोन?"

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. काकीनं खाटेकडे बघितलं आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. "आगं बया! ह्या रानात तण रोजच उगवतंय की!"

यावर कुणी हसलं नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या त्या बायकांना आई रोज काय करते हे त्या दिवशी कळलं. मग त्यांनी वेळा वाटून घेतल्या, आणि संध्याकाळी पिठलं घेऊन काकी एकटीच आली.

लग्न लावून आई दुसऱ्या दिवशी धावतपळत परतली. लाडवांचं गाठोडं खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "आता समद्यांचा पैरा फेडू कसा?"

"म्या फेडतो," आजोबा म्हणाले.

लकवा डोक्यात गेला असं आम्हाला वाटलं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. भांगलणीला गेलेल्या सुनांची तान्ही पोरं बांधावर उन्हात रडतात, ती इथं आणा. डावा हात चालतोय, झोळीची दोरी ओढतो. पावसाळ्यात खरोखरच आमच्या ओसरीवर झोळ्या लागल्या. "जल्दी सो जाव!" असा हुकूम झाला की पोरं दचकून भोकाड पसरायची आणि आजोबा त्यांच्या वरताण ओरडायचे. शेवटी दमून सगळेच झोपायचे. त्याच्या बदल्यात बाजारच्या दिवशी कुणीतरी आजोबांपाशी बसायला लागलं.

पहिल्याच बाजाराला आई दहिवडीला गेली ती शेवटच्या एसटीनं परतली. पिशवी रिकामी.

"कुटं हुतीस एवढा येळ?" आजोबा गरजले.

"स्टँडावर बसले हुते," आई म्हणाली. "नुसतीच. कुनी हाक मारंना. लय बरं वाटलं, मामंजी."

 आजोबांनी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं स्वतःच ओढून घेतला.