झाकणाचा खटका

मोडलेली वस्तू दुरुस्त करणं हा गुन्हा आहे का? घाईने उत्तर देऊ नका. चौकशीच्या टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांनीही घाई केली नव्हती. त्यांनी चहा मागवला, म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि त्याला हवं तेवढं बोलू दिलं.

म्हातारा एकदा सुरू झाला की थांबत नसे. धुलाईच्या कारखान्यात त्याचं नावच ‘रेडिओ’ पडलं होतं. तिथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. त्या धुणाऱ्या, पिळणाऱ्या, वाळवणाऱ्या यंत्रांचा हा मेकॅनिक. हात ग्रीसमध्ये आणि तोंडाचा पट्टा चालू. मशीनशीसुद्धा बोलायचा. “काय गं बाई, आज पोटात दुखतंय होय?” घरीही तीच तऱ्हा. सुट्टीच्या दिवशी अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंखे, कुकर त्याच्या दारात येऊन पडायचे. नातीच्या सायकलला त्याने टेबलफॅनच्या जाळीची टोपली करून दिली होती.

“आजोबा, मैत्रिणी हसतात हो मला.”

“हसू दे. त्यांच्या आजोबांना जमतं का, विचार एकदा.”

लेकीला बापाचा अभिमान होता आणि त्याच्यावर तितकाच रागही होता. नवरा वारल्यापासून ती मुलीला घेऊन त्याच्याकडेच राहायची. कपडे शिवायच्या कारखान्यात काम करायची, संघटनेत सगळ्यांच्या पुढे असायची. जेवताना बापलेकीची जुंपायचीच.

“तुम्ही जुनं रेटून चालवता म्हणून मालकाला नवं आणावं लागत नाही, बाबा.”

“तुझं बोलणं म्हणजे नुसत्या घोषणा. माझ्या बोलण्याने निदान मशीन तरी सुरू होतं!”

नात खो खो हसायची आणि लेकीला शब्द गिळून उठावं लागायचं. रेडिओपुढे कोण जिंकणार?

चादरी पिळायच्या मशीनच्या झाकणाला एक खटका असतो. आतला ड्रम फिरतोय तोवर झाकण उघडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो खटका झिजला. म्हाताऱ्याने नवा मागितला. सुपरवायझर म्हणाला, “मागवतो. तोवर तुम्ही करा की काहीतरी. तुम्हाला काय अशक्य आहे?” झालं, म्हातारा फुलला. भंगारातली एक स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी घेऊन त्याने खटका बनवला. तो चालला, चांगला चालला. मग नव्याची आठवण कोणाला राहते? म्हाताऱ्याने पुन्हा मागितला, आणखी एकदा मागितला. तेच उत्तर, तीच स्तुती, आणि हा तसाच खूश होऊन परत.

एका दुपारी ड्रम फिरत असतानाच पट्टी सरकली. मशीनवर ‘नवी’ होती. कामाला लागून तिला वर्षं झाली होती, तरी पहिल्या दिवशी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. झाकण उघडतंय म्हणजे ड्रम थांबलाय, एवढं तिला शिकवलेलं. तिने चादर ओढायला हात घातला. ओल्या चादरीने हातच आत ओढून घेतला. उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी लेकीने बापाला समोर बसवलं.

“उद्या एकच वाक्य. ‘मी नवा खटका मागितला होता, त्यांनी दिला नाही.’ पुढे तोंड उघडायचं नाही. म्हणून दाखवा.”

त्याने म्हणून दाखवलं आणि लगेच पुढे, “पण ती स्प्रिंग मी का निवडली, ते सांगायला—”

“बाबा! नोकरी जाईल, नाव जाईल. आणि त्या पोरीच्या पदरात भरपाईचा पैसाही पडणार नाही.”

“बरं बाई. एकच वाक्य.”

दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेर उभी होती. आतून सगळं ऐकू येत होतं. साहेब अगदी कौतुकाने म्हणाले, “एवढं जुनं मशीन तुम्ही चालवलंत तरी कसं?” तिने डोळे मिटले. म्हातारा सुटला. कप म्हणजे ड्रम, बशी म्हणजे झाकण, चमचा म्हणजे पट्टी. कुठे वाकवली, किती ताण दिला, सगळं.

“म्हणजे ही पट्टी तुमचीच कल्पना?”

“माझीच तर! दुसऱ्या कोणाला सुचणार?”

सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. त्याला काढून टाकलं. नवीला सांगण्यात आलं की मेकॅनिकने परस्पर उद्योग केला, कारखान्याचा काही दोष नाही. आणि पिळायचं नवंकोरं मशीन आलं. तेव्हा बरं आणता आलं!

नवी एकदा घरी आली, रिकामी बाही खोचून. म्हातारा तिला स्प्रिंगचं समजावू लागला.

“काका, स्प्रिंग राहू द्या. तुम्ही नवा खटका मागितला होता का?”

“तीनदा.”

“मग तिथे का नाही बोललात?”

“त्यांनी विचारलंच नाही. कसं चालवलं ते विचारलं, ते सांगितलं.” मग तो हळूच म्हणाला, “आणि मागितला म्हटलं असतं, तर वाटलं असतं की मला जमलं नाही.”

नवी उठली. चहा तसाच राहिला. लेक तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली. सभा गाजवणारी बाई, सुटलेली रिकामी बाही खोचून देऊन परत आली.

त्यानंतर म्हाताऱ्याला एकच विषय उरला. दारी कोणी आलं की कप, बशी, चमचा. दर वेळी खटका आणखी सुधारायचा. “दुसरी स्प्रिंग टाकायला हवी होती. पट्टी जाड घ्यायला हवी होती.” नात कंटाळून आत जायची. दुरुस्त करायचं सामान घेऊन कोणी येईना. शेवटच्या आजारातही तो चादरीवर बोटाने पट्टीचा आकार काढून लेकीला म्हणाला, “आता बघ, आता पक्का झाला.” दुरुस्ती कमी पडली म्हणून पोरीचा हात गेला, असंच समजत तो गेला. लेकीने कितीदा सांगितलं, भांडून सांगितलं, रडून सांगितलं. ते त्याच्या कानात शिरलं नाही. बापाच्या जाण्यापेक्षा हेच तिला जास्त सलतं.

तुमच्याही घरात असा कोणी असेल, बाप, भाऊ नाहीतर मुलगा, ज्याला सगळं जमतं आणि वरचे लोक ज्याची पाठ थोपटतात. आज तो कामावरून आला की त्याच्याजवळ बसा. त्याचं सगळं ऐकून घ्या, हसा, कौतुकही करा. मग त्याला विचारा, नवं मागितलंस का? मागितलं असेल, तर उद्या चार लोकांसमोर मोठ्याने पुन्हा मागायला लावा. आणि ते मिळेपर्यंत मशीनला हात लावू देऊ नका. बंद राहू दे.